दोन तुकड्यांचा परवाना

नाणी, टपालाची तिकिटे, शिंपले, पाखरांची पिसे अशा नाना वस्तू जमविण्याचा छंद पुष्कळांना असतो. काहींचा छंद याहून निराळा असतो. ते जुने कागद जमवितात. राजे, प्रधान, सेनापती यांच्या सह्या असलेली पत्रे, सनदा आणि हुकूमनामे मिळावेत म्हणून ते जुन्या पुस्तकांची दुकाने धुंडाळतात आणि लिलावांना हजर राहतात. या संग्राहकांतही काहींचे मन समुद्राकडे ओढ घेते. जो कागद एखाद्या गलबताबरोबर समुद्रावर हिंडून आला किंवा ज्या कागदाने एखादा तरुण आरमाराचा अधिकारी झाला, आणि ज्याच्या तळाशी एखाद्या थोर राजकारणी पुरुषाची सही आहे, तो कागद त्यांना विशेष मोलाचा वाटतो.

असे कागद अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पुष्कळ आढळतात. त्यांतील एक जात तर मोठी नवलाची आहे. सुमारे दोनशे वर्षांपूर्वीचे ते एक चर्मपत्र असते. म्हणजे कागद नव्हे, तर जनावराचे कमावलेले पातळ कातडे. त्यावर जहाजांची सुबक कोरीव चित्रे छापलेली असतात. मजकूर छापील असतो, पण मध्ये मध्ये मोकळ्या जागा सोडून त्यांत गलबताचे नाव, कप्तानाचे नाव, तोफांची संख्या असा तपशील हाताने भरलेला असतो. खाली राष्ट्राध्यक्षाची सही असते. हे सर्व ठीकच आहे. परंतु या चर्मपत्राची वरची कड पाहिली की मनुष्य थबकतो. ती सरळ नसते. समुद्राच्या लाटेसारखी ती वर-खाली वळणे घेत गेलेली असते. कोणी तरी मुद्दाम कात्री चालवून वरचा भाग कापून नेला आहे, हे उघड दिसते.

इतका देखणा परवाना कोणी आणि का कापला? आणि एका मालवाहू गलबताच्या परवान्यावर सही करण्यासाठी प्रत्यक्ष राष्ट्राध्यक्षाला लेखणी का उचलावी लागली? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधू लागले की एक मोठा इतिहास उलगडतो.

इ. स. १७७६ मध्ये अमेरिकेतील तेरा वसाहतींनी ब्रिटिश सत्ता झुगारून दिली आणि आपले स्वातंत्र्य जाहीर केले. पुढे युद्धात त्यांना यश आले. स्वातंत्र्य मिळाले, पण त्याबरोबर एक आधार गेला. तोवर अमेरिकन गलबते ब्रिटिश निशाण लावून जात. ब्रिटिश आरमाराची जरब असल्याने त्यांना कोणी सहसा हात लावीत नसे. आता ते छत्र उरले नाही. नव्या राष्ट्राजवळ व्यापारी गलबते पुष्कळ होती, पण त्यांचे रक्षण करावयास आरमार नव्हते.

याचा पहिला फटका भूमध्य समुद्राच्या वाटेवर बसला. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्याला त्या काळी युरोपातील लोक बार्बरी किनारा म्हणत. मोरोक्को, अल्जिअर्स, ट्यूनिस आणि ट्रिपोली ही तेथील राज्ये होती. ज्या देशाशी तह झालेला नाही, त्याची गलबते धरावयाची, माल जप्त करावयाचा आणि माणसांना मोबदला मिळेपर्यंत गुलाम म्हणून ठेवावयाचे, हा तेथील दर्यावर्दी चाच्यांचा शिरस्ता होता. युरोपीय लोकही या बाबतीत निर्दोष नव्हते. माल्टा बेटावरील ख्रिस्ती सरदार मुसलमानांची गलबते लुटीत आणि त्यांतील माणसांना गुलाम करीत. त्या काळचा समुद्रच असा निर्दय होता. युरोपातील बलाढ्य राष्ट्रेसुद्धा बार्बरी राज्यांना नजराणे आणि खंडणी देऊन आपल्या गलबतांसाठी अभय विकत घेत असत.

जुलै १७८५ मध्ये अल्जिअर्सच्या चाच्यांनी पाठोपाठ दोन अमेरिकन गलबते पकडली. एक बोस्टनचे ‘मारिया’ आणि दुसरे फिलाडेल्फियाचे ‘डॉफिन’. दोहोंवर मिळून एकवीस माणसे होती. त्यांना सोडविण्यासाठी लागणारे द्रव्य नव्या सरकारच्या खजिन्यात नव्हते. एक वर्ष गेले, दोन गेली, पाच गेली. काही खलाशी कैदेतच मरण पावले. १७९३ साली आणखी अकरा गलबते पकडली गेली आणि कैद्यांची संख्या शंभरावर गेली. शेवटी सप्टेंबर १७९५ मध्ये अल्जिअर्सशी तह झाला, आणि जे जिवंत राहिले होते ते १७९६ मध्ये सुटले. ‘मारिया’ गलबतावर जेम्स कॅथकार्ट नावाचा अठरा वर्षांचा एक खलाशी होता. तो सुटला तेव्हा त्याच्या आयुष्याची अकरा वर्षे परक्यांच्या बंदीत गेली होती.

तह झाला, तरी एक अडचण उरलीच. भर समुद्रात समोरून येणारे गलबत अमेरिकन आहे, हे चाच्यांनी ओळखावे कसे? निशाण तर कोणीही लावू शकतो. कागद दाखवावा, तर अल्जिअर्सच्या नाखव्याला इंग्रजी वाचता येत नाही. आणि वाचता आले, तरी कागद खरा की बनावट हे त्याला कसे कळावे? जिथे दोघांची भाषा एक नाही, तिथे अशी खूण हवी, की जी न वाचताही पटेल.

ती खूण म्हणजेच ती लाटेसारखी कापलेली कड. ही युक्ती ब्रिटिश आरमार खाते आधीपासून वापरीत होते. अमेरिकेने तीच उचलली. १ जून १७९६ रोजी तेथील काँग्रेसने गलबतांच्या परवान्यांविषयी कायदा केला. चर्मपत्रावर परवाने छापण्यात आले. प्रत्येक परवान्याचा वरचा भाग नागमोडी रेषेत कापून निराळा काढण्यात येई. हे वरचे तुकडे बार्बरी किनाऱ्यावरील अमेरिकन वकिलांकडे रवाना होत आणि त्यांच्यामार्फत तेथील चाच्यांच्या नाखव्यांना वाटले जात. खालचा भाग, म्हणजे मजकूर व सहीचा भाग, अमेरिकन गलबताबरोबर राही. समुद्रात गाठ पडली की चाच्यांचा माणूस गलबतावर चढे, आपल्याजवळचा तुकडा परवान्याच्या कडेला लावून पाही. लाटेला लाट जुळली, की गलबत आपल्या वाटेने जाई. जुळली नाही, तर पुढे काय होईल ते सांगावयास नको.

म्हणजे हा कागद कापला होता तो नाश करण्यासाठी नव्हे, तर पुन्हा जोडून पाहता यावा म्हणून. दोन तुकडे जुळण्यावर बोटभर कड नव्हे, तर माणसांचे स्वातंत्र्य अवलंबून होते.

यातला आणखी एक योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. ‘डॉफिन’ गलबताचा कप्तान रिचर्ड ओब्रायन हाही कॅथकार्टप्रमाणे अल्जिअर्सला कैदेत होता. सुटका झाल्यावर त्याच अल्जिअर्स शहरी अमेरिकेचा मुख्य वकील म्हणून त्याची नेमणूक झाली. कॅथकार्ट ट्रिपोलीला वकील झाला. ज्यांना परवान्याचे छत्र लाभले नव्हते, तीच माणसे पुढे आपल्या देशाच्या गलबतांची तेथे काळजी वाहू लागली.

आता राष्ट्राध्यक्षाच्या सहीचा प्रश्न. परवाना हा एका राष्ट्राने दुसऱ्या राष्ट्राला दिलेला शब्द होता. तो शब्द राष्ट्रप्रमुखाच्या नावाने दिला, तरच त्याला वजन येणार. म्हणून राष्ट्राध्यक्ष कोऱ्या परवान्यांच्या गठ्ठ्यांवर सह्या करीत. त्यांच्या सहीखाली परराष्ट्रमंत्री साक्षीची सही करी आणि शासनाची मोहोर उमटविली जाई. मग हे परवाने बोस्टन, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर इत्यादी बंदरांच्या जकात अधिकाऱ्यांकडे पाठविले जात. गलबत निघावयाच्या वेळी अधिकारी मोकळ्या जागा भरून परवाना कप्तानाच्या हाती देई. एका परवान्याला दहा डॉलर पडत. आणि परवाना न घेता परदेशी निघालेल्या गलबताच्या कप्तानाला दोनशे डॉलर दंड होई. याच कारणाने अशा परवान्यांवर दोन-तीन हातांची अक्षरे आणि निरनिराळ्या शाया दिसतात. सही एका दिवशी एका शहरात झालेली असते. गलबताचे नाव कित्येक महिन्यांनी दुसऱ्याच गावी लिहिले गेलेले असते.

याच काळचा गलबतांचा दुसराही एक कागद संग्राहकांना प्रिय आहे. १७९३ पासून युरोपात फ्रान्स व ब्रिटन यांचे युद्ध पेटले होते. अमेरिका त्यात नव्हती. परंतु लढणाऱ्या राष्ट्रांची जहाजे कोणत्याही गलबताला अडवून त्याची झडती घेत. त्यांना दाखविण्यासाठी एक मोठा छापील कागद असे. त्यावर एकच मजकूर फ्रेंच, स्पॅनिश, इंग्रजी आणि डच अशा चार भाषांत शेजारी-शेजारी दिलेला असे. हे गलबत अमुक नागरिकांचे असून यात शत्रुपक्षाचा भाग नाही, अशी ग्वाही त्यात असे. त्यावरही राष्ट्राध्यक्ष आणि परराष्ट्रमंत्री या दोघांच्या सह्या होत.

या दोन सह्यांमुळे या कागदांना एक निराळीच शोभा आली आहे. जॉर्ज वॉशिंग्टन हे पहिले राष्ट्राध्यक्ष असताना १७९० ते १७९३ या काळात टॉमस जेफर्सन हे त्यांचे परराष्ट्रमंत्री होते. पुढे १८०१ मध्ये जेफर्सन स्वतः राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा जेम्स मॅडिसन त्यांचे परराष्ट्रमंत्री झाले. मॅडिसन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १८११ पासून जेम्स मन्रो त्या पदावर आले, आणि तेही पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. अशा रीतीने आजचा आणि उद्याचा असे दोन राष्ट्राध्यक्ष एकाच गलबताच्या कागदावर शेजारी उभे असलेले दिसतात. मीठ, मासे, पीठ, लाकूड असा साधा माल नेणाऱ्या एखाद्या गलबताच्या पेटीत असा कागद घडी घालून ठेवलेला असे. घडीच्या त्या खुणा आजही त्यावर दिसतात.

समुद्रावर परवाना मागण्याची रीत भूमध्य समुद्रापुरती मुळीच नव्हती. कोकणच्या किनाऱ्याला ती फार आधीपासून ठाऊक होती. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी हिंदी महासागरात ‘कार्ताज’ नावाचे परवाने सुरू केले. या किनाऱ्यावरील व्यापाऱ्याने कार्ताज घेतला नाही, तर त्याचे गलबत ते जप्त करीत. समुद्र कोणा एकाच्या मालकीचा कसा, असा प्रश्न येथील सत्ताधीशांना पडणे साहजिकच होते. पुढे मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांनी आपल्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबतांनी आपले दस्तक घेतले पाहिजे, असा हक्क सांगितला. इंग्रजांच्या व्यापारी कंपनीने तो मानला नाही आणि त्यांच्यात वारंवार संघर्ष झाले. परवाना कोणाचा चालतो, यावरून समुद्रावर सत्ता कोणाची आहे हे ठरत असे. म्हणून असा कागद हा नुसता जकातीचा कागद नसतो. तो सत्तेचा पुरावा असतो.

अमेरिकेने १७९४ मध्ये सहा लढाऊ जहाजे बांधण्याचा ठराव केला आणि १७९८ मध्ये आरमाराचे स्वतंत्र खाते उघडले. तेव्हापासून कागदांचा तिसरा प्रकार निर्माण झाला. तो म्हणजे आरमारी अधिकाऱ्यांची नेमणूकपत्रे. हीही चर्मपत्रावर छापीत. त्यांवर गरुड, जहाजे, तोफा, सागरदेवता अशी चित्रे असत. ज्याची नेमणूक करावयाची त्याच्या देशभक्तीवर, शौर्यावर, निष्ठेवर आणि योग्यतेवर आपला विश्वास आहे, असे राष्ट्राध्यक्ष त्यात लिहून देत. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धाच्या काळात आरमार एकाएकी वाढले. अशा नेमणूकपत्रांवर राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन आणि त्यांचे नौदलमंत्री गिडियन वेल्स यांच्या सह्या असतात. लिंकन साध्या पत्रांवर आपले नाव संक्षेपाने लिहीत, पण नेमणूकपत्रावर ‘अब्राहम’ हे नाव पूर्ण लिहीत. देशासाठी जीव धोक्यात घालावयास निघालेल्या माणसाचा तो कागद होता.

थोरांच्या सहीला मोल आले, की खोट्या सह्या करणारेही निपजतात. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फिया शहरी रॉबर्ट स्प्रिंग नावाचा एक पुस्तकविक्रेता होता. जुन्या पुस्तकांतील कोरी पाने काढून त्यांवर तो वॉशिंग्टन यांच्या हातचे म्हणून परवाने लिही, आणि कागद जुनाट दिसावा म्हणून कॉफीच्या पाण्याने रंगवी. भोळ्या गिऱ्हाइकांना ते त्याने पुष्कळ विकले. अखेर तो पकडला गेला, आणि १८७६ मध्ये दारिद्र्यात मरण पावला.

काही घोटाळे लबाडीचे नसतात, तरी फसवणारे असतात. जेफर्सन यांच्याजवळ एक यंत्र होते. त्यात दोन लेखण्या एकमेकींना जोडलेल्या असत. एका लेखणीने पत्र लिहिले, की दुसरी तसेच पत्र शेजारच्या कागदावर उमटवी. त्यामुळे एकाच पत्राच्या दोन हुबेहूब प्रती निघत. १८३३ मध्ये कायदा होऊन जमिनीच्या सनदांवर राष्ट्राध्यक्षाच्या नावाने सही करण्याचा अधिकार चिटणिसाला मिळाला. विसाव्या शतकात तर सह्या करणारी यंत्रेच आली. तेव्हा नाव थोराचे दिसले म्हणून हात थोराचाच असेल, असे म्हणता येत नाही.

म्हणून जाणता संग्राहक सहीकडे सर्वांत शेवटी पाहतो. आधी तो चर्मपत्र पाहतो. त्यावर केसांची बारीक छिद्रे आहेत का, ते त्या काळच्या पद्धतीने कमावलेले आहे का, हे तपासतो. मग शाई पाहतो. त्या काळची शाई मायफळ आणि हिराकस यांपासून करीत. लिहिल्यावर ती काळी पडे आणि काळाने तपकिरी होई. कधी कधी तर ती कागदालाच खाऊन टाकी. मग तो लेखणीची गती पाहतो. खरी सही झरझर वाहते. नक्कल करणाऱ्याचा हात जागोजागी अडखळतो. शेवटी तो इतिहासाला साक्ष विचारतो. त्या साली ते दोन पुरुष त्या पदांवर होते का? त्या नावाचे गलबत त्या बंदरात नोंदलेले होते का? तो कप्तान खरोखर होऊन गेला का? कागद खरा असेल, तर जकातीच्या वह्या, वर्तमानपत्रे आणि गलबतांच्या रोजनिशा त्याच्या बाजूने बोलू लागतात.

येथेच एक दुःखाची गोष्ट सांगणे प्राप्त आहे. एकोणिसाव्या शतकात सह्या जमविण्याची मोठी लाट आली. पुष्कळ हौशी माणसांना केवळ सही हवी असे. ते जुन्या पत्राच्या तळाची सही कात्रीने कापून वहीत चिकटवीत आणि वरचे पत्र फेकून देत. विद्वान माणसेही या मोहातून सुटली नाहीत. जॅरेड स्पार्क्स हा वॉशिंग्टन यांची पत्रे प्रसिद्ध करणारा मोठा इतिहासकार. वॉशिंग्टन यांनी आपल्या पहिल्या शपथविधीसाठी तयार करविलेले, पण न वाचलेले एक लांबलचक भाषण त्याच्या हाती होते. ते त्यांच्या स्वतःच्या अक्षरात लिहिलेले होते. त्याला ते महत्त्वाचे वाटले नाही. त्याने त्याचे तुकडे केले आणि वॉशिंग्टन यांच्या हस्ताक्षराचा नमुना म्हणून इष्टमित्रांना वाटून टाकले. त्यातील काही तुकडे पुढे संशोधकांनी शोधून जुळविले. परंतु संपूर्ण भाषण आता कधीच वाचता येणार नाही.

कात्री दोन्ही ठिकाणी चालली. गलबताचा परवाना कापला तो पुन्हा जुळावा म्हणून, आणि त्यामुळे माणसे वाचली. हे भाषण कापले ते हौसेपायी, आणि त्यामुळे वॉशिंग्टन यांचे विचार नष्ट झाले. सही ही कागदाचा शेवट असते, कागद नव्हे.

कागदांचे वैरी आणखीही आहेत. नोव्हेंबर १८०० मध्ये वॉशिंग्टन शहरी युद्धखात्याच्या कचेरीला आग लागून दप्तर भस्मसात झाले. १७९८ पूर्वी आरमाराचा कारभार याच खात्याकडे होता. त्यामुळे आरमाराच्या जन्मकाळचे सरकारी कागद त्यात गेले. ऑगस्ट १८१४ मध्ये ब्रिटिश सैन्याने ते शहर जाळले, तेव्हा परराष्ट्रखात्याच्या कारकुनांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यासह महत्त्वाचे कागद तागाच्या पिशव्यांत भरून आधीच गावाबाहेर नेले होते, म्हणून ते वाचले. युद्धखात्याचे दप्तर मात्र जळालेच होते. ते परत कसे मिळावे? सरकारने जी पत्रे पाठविली, ती कोणाच्या तरी घरी पोचली होती. जी सरकारकडे आली, त्यांची नक्कल लिहिणाऱ्याने आपल्याजवळ ठेवली होती. अशी हजारो पत्रे ठिकठिकाणच्या संग्रहालयांतून आणि खाजगी संग्रहांतून शोधून विद्वानांनी अलीकडच्या काळात त्या जळालेल्या दप्तराची पुष्कळशी भरपाई केली आहे. कोणी तरी जपले होते, म्हणूनच हे शक्य झाले.

जपणाऱ्यांमध्ये एक नाव विशेष प्रसिद्ध आहे. फ्रँकलिन रूझवेल्ट यांना लहानपणापासून जहाजांचे वेड होते. हडसन नदीकाठच्या हाइड पार्क गावी त्यांचे बालपण गेले. १९१३ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते आरमारखात्याचे उपमंत्री झाले आणि १९२० पर्यंत त्या पदावर राहिले. शिडाच्या जहाजांच्या काळातील पत्रे, रोजनिशा, नेमणूकपत्रे, चित्रे आणि जहाजांच्या प्रतिकृती ते आवडीने जमवीत. पुढे पोलिओने त्यांचे पाय गेले, तरी हा छंद सुटला नाही. १९३३ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले. सत्ता हाती आली म्हणून त्यांनी आपल्या संग्रहात केवळ भर घातली नाही; त्यांनी आपला छंद राष्ट्राच्या कामी लावला. १९३४ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराच्या स्थापनेच्या कायद्यावर त्यांनी सही केली. सरकारी कागदांना तोवर हक्काचे घर नव्हते; ते या कायद्याने मिळाले. बार्बरी राज्यांशी झालेल्या युद्धांचे आरमारी कागद छापून निघावेत, अशी त्यांची इच्छा होती. आरमारी दप्तराचे प्रमुख कॅप्टन डडली नॉक्स यांच्या देखरेखीखाली १९३९ पासून त्यांचे सहा मोठे खंड प्रसिद्ध झाले. ज्या कैद्यांची हकीकत वर आली, त्यांच्या काळचे कागद आज कोणालाही या खंडांतून वाचता येतात.

रूझवेल्ट यांनी आपला स्वतःचा संग्रहही घरात कोंडून ठेवला नाही. हाइड पार्क येथे लोकांच्या वर्गणीतून एक इमारत बांधवून त्यांनी ती आपल्या कागदांसह राष्ट्राला देऊन टाकली. ३० जून १९४१ रोजी तिचे उद्घाटन झाले. पुढील राष्ट्राध्यक्षांनीही तोच परिपाठ ठेवला. संग्राहकाने वस्तूचा मालक व्हावे, पण तिचा कैवारीही व्हावे, हे या उदाहरणावरून दिसते.

कागदाचा कैवार घेणे ही रोजची गोष्ट आहे. चर्मपत्राला दमट हवा लागली की ते आक्रसते आणि वळते. भिंतीवर उन्हात टांगलेली सही थोड्याच वर्षांत पुसट होते. चिकटपट्टीचे डाग सहजासहजी निघत नाहीत. म्हणून असे कागद आम्ल नसलेल्या पुठ्ठ्यात, सपाट, अंधारात आणि कोरड्या जागी ठेवतात. प्रामाणिक संग्राहक आणखी एक गोष्ट करतो. कागद आपल्याकडे कोठून आला, त्यापूर्वी तो कोणाकडे होता, हे तो लिहून ठेवतो. सार्वजनिक दप्तरातून चोरलेला कागद कितीही स्वस्त मिळाला, तरी तो घेत नाही. आणि चुकून आलाच, तर जेथला तेथे परत करतो.

महाराष्ट्रालाही हे व्रत नवे नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून लोकांच्या घरांतील जुने कागद मिळविले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने ते खंडशः प्रसिद्ध केले. १९१० मध्ये पुण्यास त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. आजही एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत, मोडी अक्षरांचे कागद निघतात. रद्दी म्हणून ते विकण्यापूर्वी कोणा जाणत्याला दाखविले, तर त्यांत काय आहे हे कळते.

काचेच्या कपाटात ठेवलेल्या त्या चर्मपत्रापाशी पाहणारा माणूस उभा राहतो, तेव्हा त्याची नजर प्रथम राष्ट्राध्यक्षाच्या सहीवर जाते. ते स्वाभाविक आहे. परंतु त्याच चर्मपत्रावर लहान अक्षरांत एका कप्तानाचे नाव असते. त्याचे चित्र कोठे नाही, चरित्र कोणी लिहिले नाही. तो पीठ किंवा मासे घेऊन निघाला होता, त्याच्याबरोबर आठ-दहा माणसे होती, आणि त्यांच्या घरची माणसे वाट पाहत होती. ती सही झाली होती ती त्यांच्यासाठी. ही दोन नावे एकत्र राहिली आहेत, तोवरच त्या चर्मपत्राला अर्थ आहे.

स्वाध्याय

१. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर तिच्या गलबतांवर संकट का आले?
२. परवान्याची वरची कड लाटेसारखी का कापीत? तिचा उपयोग कसा होई?
३. कार्ताज आणि दस्तक म्हणजे काय? त्यांवरून संघर्ष का झाले?
४. जुना कागद खरा आहे की खोटा, हे ओळखण्यासाठी कोणकोणत्या गोष्टी तपासतात?
५. ‘सही ही कागदाचा शेवट असते, कागद नव्हे.’ या वाक्याचा अर्थ पाठातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
६. आपल्या घरातील वडील माणसांना विचारून घरातील सर्वांत जुन्या कागदाविषयी दहा ओळी लिहा. तो कोणी, कोणास आणि कशासाठी लिहिला, हे त्यात यावे.